दोन वर्षांच्या मुलाचे ‘मीच’

पहिल्या वाढदिवसापासून तिसऱ्या वाढदिवसापर्यंत मूल जे स्वावलंबन मिळवते ते वरवर पाहता शरीराचे असते. चालणे, चढणे-उतरणे, हाताने खाणे, भांड्याने पाणी पिणे, कपडे काढणे आणि घालणे, शी-शू सांगणे. त्यांच्या जोडीने दोन न दिसणाऱ्या गोष्टी येतात. एक, आपल्याला काय हवे आणि काय नको हे ठरवणे. दुसरी, आईबाबांशिवाय दिवसाचे काही तास काढता येणे. चिमूट नवव्या-दहाव्या महिन्यात जमते. पुढे घास, चमचा आणि बटण सगळे तिच्यावर अवलंबून राहते. बहुतेक मुले वर्षाच्या मागेपुढे पहिली पावले टाकतात आणि दीड वर्षापर्यंत चालू लागली तरी त्यात काळजीचे काही नसते. दोन वर्षांच्या सुमारास दोन शब्दांची वाक्ये सुरू होतात. त्यांत ‘माझं’, ‘नको’ आणि ‘मीच’ यांचा भरणा मोठा असतो.

शहरी महाराष्ट्रात या वयाच्या मुलांचा दिवस आजी-आजोबा, घरी येणाऱ्या मावशी आणि पाळणाघर यांच्यात वाटलेला असतो. पाळणाघर म्हणजे पुष्कळदा सोसायटीतला तळमजल्याचा फ्लॅट किंवा बंगल्याच्या पुढच्या दोन खोल्या. चालवणाऱ्या काकू, हाताखाली एक-दोन मावश्या, आणि सकाळी डबा-पिशवीसह सोडलेली, संध्याकाळी ऑफिसहून परतताना घेऊन जायची मुले. २०१७च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. ज्या आया लहान दुकानात, दवाखान्यात, शिकवणीत किंवा दुसऱ्यांच्या घरी काम करतात, त्यांची भिस्त मात्र अजूनही या घरगुती खोल्यांवरच असते.

अशा खोल्यांत चार-सहा महिने काम केलेल्या कोणालाही एक गोष्ट कळलेली असते. मुलाला स्वतः करू दिले म्हणून मोठ्यांचे काम कमी होत नाही, ते फक्त आधीच्या वेळेला सरकते. दीड वर्षाच्या मुलाला भरवायला दहा मिनिटे लागतात. तेच मूल हाताने जेवणार असेल तर भात किती मऊ हवा, वरण किती घट्ट हवे, वाटी कोणती, खाली काय अंथरायचे, जवळ कोण बसायचे हे सगळे ताट वाढण्यापूर्वी ठरवून ठेवावे लागते, आणि मग हात मांडीवर ठेवून बसावे लागते. नव्याने कामाला आलेल्या मावशींना या सगळ्यात हात मांडीवर ठेवणेच सर्वांत जड जाते.

सुरुवात होते ती निरोपापासून. सात-आठ महिन्यांनंतर मुलाला आपले-परके ठळकपणे कळू लागते, आणि आई दिसेनाशी झाल्यावरचे रडणे वर्ष ते दीड वर्षाच्या काळात बहुधा सर्वांत तीव्र असते. पाळणाघरात घालण्याची वेळही नेमकी याच सुमारास येते. सव्वीस आठवड्यांची पगारी रजा संपलेली असते, शिलकीतली सुट्टी संपलेली असते, आणि मदतीला आलेल्या आजीला गावी परतायचे असते. मूल खेळात गुंतले की गुपचूप सटकायचे, हा अशा वेळी घरोघरी दिला जाणारा सल्ला पाळणाघरात महागात पडतो. पहिल्या दिवशी मूल रडत नाही हे खरे, पण दुसऱ्या दिवसापासून ते खेळायलाच तयार होत नाही. खेळण्यात डोके घातले की आई नाहीशी होते एवढे त्याने हेरलेले असते, आणि मग ते दाराकडे तोंड करून बसते.

त्यापेक्षा रडणे पत्करून सांगून जाणे बरे. ‘आई ऑफिसला चालली, झोपून उठलास की दूध, आणि दुधानंतर आई’ असा दिवसाच्या क्रमातला निरोप मुलाला समजतो. ‘पाच वाजता’ समजत नाही. पहिले काही दिवस आईने किंवा बाबांनी खोलीत बसायचे, मग बाहेरच्या व्हरांड्यात, मग तासभर बाजारात जाऊन यायचे, असे हळूहळू रुळवले की पुढचे महिने सोपे जातात. जुनी ओढणी, घरचा दुपट्टा किंवा आजीच्या लुगड्याची गोधडी सोबत असली तर ती काढून घेऊ नये. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ १९५०च्या दशकात युगांडात आणि नंतर अमेरिकेतील बाल्टिमोरमध्ये आई-मुलांच्या जोड्यांचे निरीक्षण करत होत्या. आईचा भरवसा असलेले मूल तिच्यापासून दूर सरकून आजूबाजूचे जग धुंडाळते आणि अधूनमधून तिच्याकडे परत येऊन जाते, हे त्यांनी नोंदवले. पाळणाघरातही हे रोज दिसते. सकाळभर एकाच मावशीच्या पदराला धरून राहिलेले मूल एके दिवशी पदर सोडून ठोकळ्यांपर्यंत जाते. ज्याला एका माणसाला घट्ट धरायला मिळालेले नसते ते मात्र ठोकळ्यांपाशी बसवले तरी ठोकळे हातात घेत नाही. लहान मुलांच्या खोलीतल्या मावश्या वारंवार बदलू नयेत, या आग्रहाचे कारण हेच. पगार तुटपुंजा असल्याने त्या बदलतातच, ही या व्यवसायाची जुनी दुखरी बाजू.

माणूस ठरला की खोली. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांनुसार दोन वर्षांच्या मुलाची मधली उंची साधारण ८६ ते ८७ सेंटीमीटर असते. फ्लॅटमधल्या हात धुण्याच्या बेसिनची कडही साधारण तेवढ्याच उंचीवर असते. म्हणजे ज्याने हात धुवावेत अशी अपेक्षा आहे त्याला नळ दिसतसुद्धा नाही. त्याला काखेत उचलून धरायचे, दुसऱ्या हाताने नळ सोडायचा आणि त्याचे हात चोळायचे. असे दिवसातून पाच वेळा केले तरी मूल हात धुवायला शिकत नाही, उचलून घेतले जायला शिकते. घट्ट, न डगमगणारा पाट बेसिनखाली ठेवला की निम्मे काम होते. भिंतीला मुलाच्या खांद्याच्या उंचीवर खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एक चित्र, खाली चपलांची जागा, जमिनीलगतच्या कप्प्यात मोजकीच खेळणी, पुसायची फडकी मुलाच्या हाताशी, हा सगळा खर्च काही शेकड्यांचा असतो. त्यातून रोजचे कितीतरी ‘मावशी, दे’ वाचतात.

मुलाच्या मापाच्या खोलीचा हा विचार मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या कष्टकरी वस्तीत सुरू केलेल्या बालगृहात प्रत्यक्ष उतरवला. हलक्या खुर्च्या, ठेंगणी कपाटे, हात धुण्याची आणि धूळ पुसण्याची खरीखुरी कामे, बटणे लावण्याच्या चौकटी ही त्या बालगृहाची ओळख. भारतात हाच विचार धरून शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले, ताराबाई मोडक तिथे त्यांच्यासोबत काम करू लागल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. पुढे १९४५ मध्ये ताराबाई बोर्डी या गावी आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी पाड्यांतल्या मुलांसाठी परदेशी लाकडी साधने परवडणारी नव्हती आणि तशी गरजही नव्हती. बिया, शंख-शिंपले, दगड, पाने, माती आणि झाडाखालची अंगणवाडी यांवर त्यांनी ते काम उभे केले. ती मुले अडीच-तीन वर्षांच्या पुढची होती, पाळणाघरातली त्याहून लहान. पण साधन विकत घेण्याआधी आजूबाजूला काय आहे ते पाहावे, ही दृष्टी दोन्हीकडे सारखीच उपयोगी पडते.

किंबहुना जुन्या मराठी घरात मुलाच्या उंचीचे बरेच काही आपोआप होते. जेवण जमिनीवर, पाटावर. विळी, सूप, परात, पाण्याचा तांब्या, सगळे खालीच. (विळीची धास्ती अर्थात होती आणि ती रास्तच होती.) ओटा आला, डायनिंग टेबल आले, गॅस वर गेला, आणि घरातली सगळी हालचाल दोन वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून होऊ लागली. मूल ओट्याला लोंबकळते ते बहुधा वर काय चालले आहे ते पाहण्यासाठी. पाळणाघरात जेवण, निवडणे-टिपणे, घड्या घालणे ही कामे पुन्हा सतरंजीवर आणली तर मुले त्यांच्याभोवती न बोलावता जमतात.

जेवण हा दिवसातला सर्वांत मोठा आणि सर्वांत वादाचा भाग. भरवणे ही आपल्याकडे मायेची खूण आहे. काऊचा घास, चिऊचा घास करत एक घास जास्त गेला तर भरवणाऱ्या आजीचा दिवस चांगला जातो. त्यात गैर काही नाही. अडचण येते ती दोन-अडीच वर्षांच्या मुलाला समोर मोबाइल धरून भरवले जाते तेव्हा. चित्रे पाहत उघडलेल्या तोंडात घास पडतो, पण आपण काय खाल्ले आणि पोट केव्हा भरले हे मुलाला कळत नाही. पाळणाघरात मोबाइल नसतो, म्हणून अशी मुले पहिले काही दिवस जेवतच नाहीत. पालक घाबरतात, काकूंवर नाराज होतात. काही दिवस धीर धरला तर शेजारच्या मुलाचा हात ताटात जाताना पाहून यांचाही जातो. शेजारचे जेवणारे मूल हे कोणत्याही मावशीपेक्षा चांगले शिक्षक असते.

हाताने खाण्याचा क्रम ढोबळ मानाने असा दिसतो. आधी मुठीत धरून चोखण्याजोगे आणि चिमटीत येणारे मऊ तुकडे: उकडलेला बटाटा, वाफवलेले गाजर, केळे, तुपात मऊ केलेल्या पोळीचे तुकडे, इडली. मग मावशींनी वळून ताटाच्या कडेला ठेवलेले वरणभाताचे छोटे घास, जे मूल स्वतः उचलते. मग सुटा भात कालवणे. चमचा यांच्या जोडीने येतो, पण तो तोंडापर्यंत जाताना उलटा होतो, म्हणून सुरुवातीला चमच्याला चिकटून राहील असे काही द्यावे: गुरगुट्या भात, घट्ट खिचडी, शिरा, दह्यात कालवलेले पोहे. पातळ आमटी शेवटी. रुंद बुडाची जड वाटी हलक्या प्लास्टिकच्या वाटीपेक्षा बरी, कारण ती सरकत नाही. पाणी लहानशा फुलपात्रात, अर्ध्याहून कमी. सांडणार हे धरूनच खाली जुनी चादर घालावी, आणि सांडल्यावर फडके मुलाच्या हातात द्यावे. ते पुसते कमी, पसरवते जास्त. तरीही द्यावे.

किती खायचे हा प्रश्न निराळा. अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी केलेली कामाची वाटणी पाळणाघरात फार उपयोगी ठरते. काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचे. खायचे की नाही आणि किती हे मुलाने. ऐकायला सोपी असलेली ही वाटणी संध्याकाळी दारात अवघड होते, कारण आईचा पहिला प्रश्न ‘डबा संपवला का?’ असा असतो. दिवसभर दुसऱ्याच्या हाती सोपवलेल्या मुलाची चौकशी करायला डबा हेच तिच्या हातातले एकमेव माप असते. म्हणून काही ठिकाणी वहीत ‘संपवला’ किंवा ‘उरला’ असे न लिहिता ‘भाताचे चार घास स्वतः घेतले, भाजीला हात लावला नाही, दुपारी केळे मागून घेतले’ असे लिहितात. वाचणाऱ्याची काळजी त्याने पूर्ण जात नाही, पण डबा संपवून दाखवण्यासाठी शेवटचे घास कोंबण्याचा मोह मावशींना होत नाही.

स्वतः खाण्याला मर्यादाही हवीच. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चणे, पॉपकॉर्न, गोळ्या आणि अख्खी द्राक्षे या वयाच्या मुलाला देऊ नयेत, ती श्वासनलिकेत अडकतात. द्राक्षे उभी चार भागांत चिरून द्यावीत, दाण्यांचे कूट द्यावे. खाताना बसणे हा नियम सर्वांना आणि नेहमी लागू. पळता पळता तोंडात तुकडा नको. वीस दुधाचे दात पुरे व्हायला सुमारे अडीच ते तीन वर्षे लागतात आणि दळणारे मागचे दात शेवटी येतात, हे लक्षात ठेवले की चावण्याची घाई कोणी करत नाही.

कपड्यांच्या बाबतीत निसर्गाचा क्रम उलटा आहे. मूल आधी काढायला शिकते, घालायला नंतर. मोजे ओढून काढणे, टोपी भिरकावणे, चड्डी गुडघ्यापर्यंत खाली नेणे या करामती पालकांना खोड्या वाटतात, पण तीच घालण्याची पूर्वतयारी असते. घालायला शिकवताना शेवटची पायरी आधी मुलाकडे सोपवली तर लवकर साधते. चड्डीत दोन्ही पाय मावशींनी घालायचे, गुडघ्यांपर्यंत आणायची आणि वर ओढायचे काम मुलाला द्यायचे. काम त्याच्या हातून पुरे होते, ‘झालं!’ त्याच्या तोंडून निघते. मग एक एक पायरी मागे सरकत जायचे. झबले किंवा फ्रॉक जमिनीवर पुढची बाजू खाली ठेवून पसरला की डोके कुठून घालायचे ते कळते. उलट्या पायांत घातलेल्या चपला, पाठीमागे गेलेला खिसा हे लगेच सुधारू नये. टोचत असेल तर मूल स्वतः सांगते, आणि टोचत नसेल तर बिघडत काहीच नाही. सणासुदीचे हूक-नाडीचे कपडे घालून पाळणाघरात पाठवणे मात्र मुलावर आणि मावशींवर सारखाच अन्याय करणारे असते. इलॅस्टिकची चड्डी आणि मोठ्या गळ्याचा बनियन यांइतका उपयोगी गणवेश या वयाला दुसरा नाही.

शी-शूच्या सवयीबद्दल प्रत्येक घराचे मत असते आणि ते ठाम असते. पूर्वी बाळाला पायांवर बसवून, ‘शू शू’ आवाज करून लवकरच सवय लावत. डायपर आल्यावर ही वेळ पुढे गेली. दोन्हींतले फायदे-तोटे बाजूला ठेवले तर मुलाच्या बाजूने पाहण्याच्या खुणा तेवढ्या उरतात. दीड-दोन तास चड्डी कोरडी राहते. मूल शी करताना कोपऱ्यात जाते, पडद्यामागे लपते किंवा क्षणभर स्तब्ध होते. ओले झाल्याचे येऊन सांगते. चड्डी स्वतः खाली ओढू शकते. बहुतेक मुलांत या खुणा दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान केव्हातरी दिसतात, आणि दिसण्याआधी केलेला खटाटोप बहुधा वाया जातो. क्रम असा की आधी झाल्यावर सांगणे, मग होत असताना, मग होण्याआधी. ‘झाल्यावर सांगून काय उपयोग?’ म्हणून रागावले की मूल सांगणेच बंद करते.

यात ऋतूचा मोठा भाग असतो. पुण्या-मुंबईकडे जुलैत सवय लावायला घेतली तर दिवसाला सहा चड्ड्या, त्या वाळत नाहीत, खोलीभर दोऱ्या आणि कुबट वास. अनुभवी काकू म्हणून उन्हाळा गाठतात. मार्च ते मे या काळात मुले चड्डीवर किंवा तिच्याशिवायही वावरू शकतात, फरशी पुसली की काम झाले. मोठ्यांच्या शौचकूपावर मुलाचे पाय नीट टेकत नाहीत आणि फ्लशच्या आवाजाला पुष्कळ मुले बिचकतात. त्यासाठी पाय जमिनीला टेकतील असे छोटे भांडे बरे, आणि फ्लश मूल बाहेर गेल्यावर. घरी डायपर आणि पाळणाघरात चड्डी, असे दोन कायदे चालले तर मूल गोंधळते. म्हणून सुरुवात कधी करायची हे दोघांनी मिळून ठरवणे, निदान शनिवार-रविवार धरून करणे, सोयीचे पडते.

रागावणे आणि लाजवणे याबाबत मात्र मतभेदाला जागा ठेवू नये. मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मांडलेल्या टप्प्यांत या वयाचा पेच स्वायत्तता विरुद्ध लाज व शंका असा आहे. तो सिद्धान्त वाचलेला नसलेल्या मावशींनाही हे दिसते की ‘शी! एवढी मोठी झालीस आणि...’ हे चारचौघांत ऐकलेले मूल पुढच्या वेळी लपून करते. कपडे बदलणारीने नाक मुरडले नाही, ‘ओलं झालं, चल, कोरडी चड्डी घेऊन ये’ एवढेच म्हटले, तर मूल जाऊन चड्डी आणते आणि तिथपासून त्याचा सहभाग सुरू होतो.

हंगेरीतील बालरोगतज्ज्ञ एमी पिक्लर यांनी १९४६ मध्ये बुडापेस्ट येथे सुरू केलेल्या शिशुगृहात अंघोळ, कपडे बदलणे, भरवणे याच वेळा मुलाशी नाते जुळण्याच्या म्हणून धरल्या गेल्या. अंगाला हात लावण्याआधी मुलाला सांगायचे, उत्तराची वाट पाहायची आणि त्याने हात पुढे केला तर त्याला त्या कामात घ्यायचे. आपल्याकडच्या पाळणाघरात एका मावशीकडे बरीच मुले असतात, त्यामुळे प्रत्येक वेळी इतका सावकाशपणा शक्य नसतो. पण ‘आता नाक पुसते हं’ एवढे बोलून मग पुसायला वेळ लागत नाही, आणि मागून येऊन अचानक नाक चिमटीत धरण्याने होणारी रडारड टळते.

पिक्लर यांचा दुसरा आग्रह चढण्या-उतरण्याबाबतचा. मूल स्वतः ज्या स्थितीत जाऊ शकत नाही त्या स्थितीत त्याला ठेवू नये. बसता न येणाऱ्याला टेकून बसवू नये, चढता न येणाऱ्याला घसरगुंडीच्या टोकावर नेऊन ठेवू नये. जे मूल स्वतः चढते त्याला बहुधा उतरायचे कसे हे कळते किंवा लवकर कळते. पायऱ्या पाठमोरे होऊन, पोटावर सरकत उतरायला दीड वर्षाचे मूल दोन-चार दिवसांत शिकते, एकदा कोणी त्याचा पाय खालच्या पायरीवर टेकवून दाखवला की. ‘पडशील, पडशील’ हा घोष मुलाला पडण्यापासून वाचवत नाही. ‘पाय कुठे आहे बघ’ हे वाचवते. धोके मात्र आधीच काढलेले असावे लागतात: खिडकीची जाळी, जमिनीलगतचे प्लग, गॅलरीतला स्टूल, फिनेलची बाटली, आणि सर्वांत महत्त्वाची न्हाणीघरातली भरलेली बादली. नुकते चालू लागलेले मूल वाकते तेव्हा डोक्याच्या वजनाने तोल जातो आणि थोड्याशा पाण्यातही ते बुडू शकते. बादल्या रिकाम्या आणि उपड्या, हा नियम जिथे काटेकोर पाळला जातो तिथेच मुलांना मोकळे सोडता येते.

अठरा महिन्यांनंतर ‘नाही’चे दिवस येतात. मूल ‘दूध हवं?’ला नाही म्हणते आणि दूध नेले की रडते. त्याला दूध नको नसते, ठरवण्याचा मान हवा असतो. तो देण्याची साधी रीत म्हणजे दोनच पर्याय, आणि दोन्ही आपल्याला चालणारे. लाल कपात की निळ्या? आधी हात धुवायचे की आधी चपला काढायच्या? पाच पर्याय ठेवले तर मूल हरवते. जिथे पर्यायच नाही तिथे विचारू नये. ‘झोपायचं का?’ असे विचारले की ‘नाही’ ऐकून घ्यावे लागते, ‘आता झोपायची वेळ, गोधडी तू आणतोस’ म्हटले की त्याच्या वाट्याला गोधडी येते. खेळ थांबवायच्या आधी ‘अजून तीन ठोकळे, मग जेवण’ अशी सूचना दिली तर आदळआपट कमी होते. नाहीशी होत नाही. दोन वर्षांच्या मुलाला राग आवरता येत नाही, त्यासाठी लागणारा मेंदूचा भाग अजून बराच कच्चा असतो. अशा वेळी जवळ बसावे, मारू-चावू देऊ नये, भाषण करू नये. ‘माझं’ म्हणून खेळणे छातीशी धरणेही या वयात स्वाभाविक आहे. दोघांच्या भांडणाचे खेळणे असेल तर तसलीच दोन ठेवणे हा उपाय उपदेशापेक्षा स्वस्त पडतो.

याच मुलांना काम करण्याची मात्र विलक्षण हौस असते. मानसशास्त्रज्ञ फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दीड वर्षाची मुले अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू, कोणी न सांगता, उचलून देताना दिसली. पाळणाघरात हिवाळ्यात मटार सोलायला घेतले की त्याचा पडताळा येतो. शेंगा फोडणे, दाणे वाटीत टाकणे, टरफले टोपलीत टाकणे यांत मुले गुंगून जातात. (दाणे नाकात जात नाहीत ना, यावर एक डोळा ठेवावाच लागतो.) रुमालांच्या घड्या, पेल्याने झाडांना पाणी, मेथीची पाने खुडणे, सतरंजी ओढत आणणे, सगळ्यांच्या चपला जोडीने लावणे ही कामे खोटी नसावीत. केलेली घडी मुलादेखत मोडून पुन्हा घातली तर त्याला ते कळते. ‘शहाणं बाळ’ या सरसकट शाबासकीपेक्षा ‘सगळे रुमाल टोपलीत गेले’ हे घडलेल्या गोष्टीचे वर्णन त्याला जास्त वेळ पुरते.

हे सगळे अडते ते वेळेपाशी. सर्वांनी एकदम हात धुवायचे, एकदम जेवायचे, एकदम झोपायचे असे वेळापत्रक असेल तर मावशींना मुलांचे हात धुऊन द्यावेच लागतात. रांगेत उभे राहणे दोन वर्षांच्या मुलाला जमत नाही. तीन-तीन, चार-चार मुलांच्या तुकड्या करून जेवणाची वेळ पाऊण तासावर पसरली की प्रत्येकाला नळापाशी दोन मिनिटे मिळतात. संध्याकाळी हीच घाई दारात उभी असते. रिक्षा थांबलेली, कुकर लावायचा राहिलेला, आणि मूल चपलेचा पट्टा लावत बसलेले. तिथे पालकांना उपदेश करण्यात अर्थ नाही. मुलाच्या चपला निघण्याच्या दहा मिनिटे आधी त्याच्यापुढे ठेवल्या की आई येईपर्यंत एक तरी पायात गेलेली असते.

मिळवलेले कधी कधी मागेही जाते. धाकटे भावंड झाले, घर बदलले, आठवडाभर ताप आला की चमच्याने खाणारे मूल भरवायला सांगते, कोरडे राहणारे ओले करते. तेव्हा थोडे दिवस भरवावे, पुन्हा मांडीवर घ्यावे. सवय मोडत नाही. आजारातून उठलेले मूल आठ-पंधरा दिवसांत आपणहून चमचा मागते. मुलामुलांतला फरकही मोठा असतो, म्हणून शेजारच्याशी केलेली तुलना निरर्थक ठरते. तरी काही खुणांकडे दुर्लक्ष करू नये. दीड वर्ष उलटूनही चालत नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही, नावाने हाक मारल्यावर वळत नाही, येत असलेले शब्द किंवा कौशल्ये कारण नसताना गमावते, अशा मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे नेण्यास पालकांना स्पष्ट सांगावे. ‘आमच्याकडे सगळे उशिरा बोलले’ या उत्तरावर थांबू नये. ज्या मुलाची वाढ सावकाश आहे त्याच्यासाठी पद्धत तीच राहते, पायऱ्या फक्त आणखी लहान कराव्या लागतात.

तीन वर्षे पूर्ण झाली की मूल अंगणवाडीच्या शाळापूर्व गटात किंवा नर्सरीत जाते. तिथे एका ताईंकडे बरीच मुले असतात आणि चड्डी बदलून देणारे कोणी असेलच असे नाही. पाळणाघराकडे तोवर दोन वर्षांची माहिती साठलेली असते. मूल शू कोणत्या शब्दाने सांगते, कोणत्या आवाजाला घाबरते, चमचा डाव्या हाताने धरते का, झोपेतून उठल्यावर किती वेळ एकटे बसू द्यावे लागते. ही माहिती एका पानावर लिहून पालकांच्या हाती नव्या शाळेत पाठवली, तर तिथल्या ताईंना ती पुन्हा पहिल्यापासून गोळा करावी लागत नाही.